थोडक्या खर्चांत वर्षावनदर्शन : वालपराईची वाट

अरण्यांतील प्राणी पाहावयाचे म्हणजे पदरीं मोटार पाहिजे, वाटाड्या पाहिजे आणि मोठ्या विश्रामगृहांत उतरण्याची ऐपत पाहिजे, अशी आपल्याकडे बहुतेकांची समजूत आहे. मुलानें सुटींत तसा हट्ट धरला म्हणजे वडील मंडळी "पुढें पाहूं" म्हणून विषय मिटवितात. पुष्कळ राखीव जंगलांच्या बाबतींत ही समजूत खरीही आहे. परंतु सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडे, तामिळनाडूंतील अनैमलै डोंगरांत, वालपराई नांवाचें एक गांव आहे. तेथें साध्या सरकारी बसचें तिकीट काढणारास जें दिसतें, तें पाहावयास लोक दूरदूरच्या देशांतून येतात. तामिळ भाषेंत आनै म्हणजे हत्ती व मलै म्हणजे डोंगर. नांवावरूनच प्रदेशाची कल्पना यावी.

वाट अवघड नाहीं. मुंबईहून पुण्यावरून कोइमतूरला थेट आगगाडी जाते. कोइमतूरच्या उक्कडम् येथील बसस्थानकावरून पोल्लाची सुमारें ४० किलोमीटर, आणि तेथून वालपराई सुमारें ६५. हा शेवटचा टप्पा आळियार धरणावरून घाट चढतो. घाटांत ४० वळणें असून प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. ज्यांस गाडी लागते त्यांनीं त्या सकाळीं भरपेट इडल्या खाऊं नयेत, हें बरें. वालपराईच्या बाजारांत साधीं उतारगृहें व खाणावळी आहेत. खर्चाची खरी बाब म्हणजे तेथें पोंचल्यावर घेतलेली भाड्याची जीपगाडी. आणि आमच्या मतें तिचीच गरज सर्वांत कमी आहे.

ह्याचें कारण त्या प्रदेशाच्या इतिहासांत सांपडतें. वालपराईचें पठार पूर्वीं वर्षावनानें, म्हणजे अतिवृष्टीच्या देशांतील सदाहरित दाट अरण्यानें, झांकलेलें होतें. १८९० नंतरच्या काळांत मळेवाल्यांनीं तें तोडून चहा व कॉफी लाविली. चोहोंकडे आज व्याघ्रप्रकल्पाचें संरक्षित अरण्य उभें आहे. पठारावर मात्र चहाच्या मळ्यांमधून वनाचे तुकडे तेवढे शिल्लक राहिले. कांहीं तुकडे एखाद्या हेक्टराचे, तर मोठ्यांतले मोठे दोनतीनशे हेक्टरांचे. मळ्यांतील मजुरांची व शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या ह्याच तुकड्यांच्या कडेनें जातात. म्हणजे ज्या तोडीमुळें अरण्याचा नाश झाला, तिच्यामुळेंच उरलेलें अरण्य रस्त्याला येऊन भिडलें आहे.

गांवापासून दोनतीन किलोमीटरांवर, पोल्लाचीच्याच रस्त्यावर, पुदुतोट्टम् मळा लागतो. तेथील वन एक चौरस किलोमीटरही भरणार नाहीं. तरी सिंहपुच्छ वानरांचे मोठे कळप त्यांत राहतात. हा वानर सह्याद्रीवांचून जगांत दुसरीकडे कोठेंही आढळत नाहीं. अंग काळें, तोंडाभोंवतीं रुपेरी आयाळ आणि शेपटीच्या टोंकास सिंहासारखा गोंडा. मूळचा हा उंच फांद्यांवरचा रहिवासी; जमिनीवर क्वचितच उतरणारा. पण भोंवतालचीं झाडें गेल्यावर एका तुकड्यांतून दुसऱ्यांत जाण्यास त्याला रस्ता ओलांडावा लागतो, आणि प्रवाशांनीं फेंकलेल्या बिस्किटांनीं तर त्याला रस्त्यावर बसण्याचीच संवय लागली. मोटारींखालीं हे वानर मेले आहेत. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही १९९६ सालीं स्थापन झालेली संस्था तेथें उजाड तुकड्यांत देशी झाडें लावून वन पुन्हां उभें करीत आहे. रस्त्यावर झाडांपासून झाडांपर्यंत बांधलेले पट्ट्यांचे झुलते पूलही पाहावयास मिळतात. वानर त्यांवरून तोल सांवरीत पलीकडे जातो, त्या वेळीं खालीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातांत खाऊचा पुडा नसावा, एवढेंच मागणें आहे.

धनेशासाठीं डिसेंबर ते एप्रिल हे महिने चांगले. राजधनेशाची मादी झाडाच्या ढोलींत स्वतःस कोंडून घेते व दार लिंपून एक फट तेवढी ठेवते. नर तींतून तिला फळें भरवितो. त्याच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्यापूर्वींच ऐकूं येतो. पावसाळ्यांत येथें जाण्याची घाई करूं नये. पाऊस अतोनात पडतो, आणि जळवा तर मोज्यांतूनही वाट काढतात.

हत्ती व बिबळे मळ्यांत रात्रीं वावरतात, म्हणून अंधार पडल्यावर पायीं फिरणें सर्वथा वर्ज्य करावें. हत्ती जवळपास असल्यास कांहीं ठिकाणीं रस्त्याकडेचे तांबडे दिवे लावून लोकांस सूचना देण्याची सोय केली आहे. भ्रमणध्वनीवरूनही खबर पोंचविली जाते. दिवसभर मळ्यांत राबून घरीं परतणाऱ्या मजुरांच्या जिवाची ती राखण आहे. पाहुण्यास तिचा लाभ आयताच मिळतो.

परतीच्या बसमध्यें शक्य तर खिडकीची जागा धरावी. घाटाच्या खालच्या भागांत, नवव्या वळणाजवळ लोम्स व्ह्यू म्हणून जागा आहे. तेथल्या कड्यावर, कधीं रस्त्याच्या कठड्यालगतही, निलगिरी ताहर चरतांना दिसतात. ही रानबकऱ्याची जात केवळ तामिळनाडू व केरळ येथील डोंगरांत राहते. तामिळ लोक तिला वरैयाडू म्हणतात. बस तेथें मुद्दाम थांबत नाहीं. परंतु वळण इतकें आवळ आहे कीं चालकास वेग कमी करावाच लागतो.