दहा लिहिलं, सोळा वाचलं

बोर्डाला सिरियल केबल लावली, यू-बूटचा प्रॉम्प्ट आला. मेमरी दाखवणारी ‘एमडी’ कमांड दिली, पत्ता टाकला आणि पुढे १०. मला बत्तीस बिटांचे दहा शब्द हवे होते. पडद्यावर चार ओळी उमटल्या, दर ओळीत चार शब्द. सोळा! यू-बूट बिनखुणेचा आकडा हेक्स समजतो. अपवाद ‘स्लीप’चा, तिथे १० म्हणजे सरळ दहा सेकंद. तिच्या मदतीच्या मजकुरात ‘डेसिमल’पुढे एके काळी तीन उद्गारचिन्हं होती. लिहिणाऱ्याने किती जणांचं ऐकून घेतलं असेल!

त्याच सुमारास मी रजिस्टरं वाचायचं एक छोटं टूल लिहीत होतो. पत्ते हेक्समध्ये, मोजणी डेसिमलमध्ये, दोन्ही एकाच ओळीत. खूण कोणती ठेवायची? मोटोरोला वळणाचा $ मला दिसायला आवडतो. पण कमांड लाइनवर आकडा टूलपर्यंत पोचतो तो शेलच्या हातून. बॅशच्या प्रॉम्प्टवर $१० लिहिलं की शेल आधी $१ शोधतं, ते रिकामं निघतं आणि टूलच्या पदरात नुसता ० पडतो. तक्रारीचा एक शब्दही नाही. #१० तर टिप्पणी ठरून गायबच होतं. बेसिकमधलं &एच१० त्याहून गमतीचं: टूल बॅकग्राउंडला निघून जातं आणि शेल ‘एच१०’ नावाची कमांड शोधत बसतं.

इंटेल वळणाचा शेवटी लागणारा ‘एच’ शेलला खुपत नाही. मग डेसिमलसाठी ‘डी’ लावू म्हटलं, तर १०डी हा स्वतःच हेक्स आकडा आहे, २६९.

उरला सी भाषेतला शून्य-एक्स. तो शेलमधून धक्का न लागता येतो, आणि आकडा वाचण्याआधीच डोळ्याला सावध करतो. फक्त सीच्या ‘स्ट्रटोल’ला पाया ठरवायची मोकळीक दिली, की ते ०१० ला ऑक्टल धरून आठ करतं. ०९ दिलं तर शून्यावरच थांबतं, कारण ऑक्टलमध्ये नऊ नाहीच. तारखेत ०९ लिहायची सवय असलेल्यांनी काय करायचं? म्हणून पुढे नुसतं शून्य लावलेला आकडा माझं टूल घेतच नाही.

बिनखुणेचा आकडा डेसिमल, शून्य-एक्स असेल तर हेक्स, आणि रजिस्टरला हात लावण्याआधी दोन्ही रूपं पडद्यावर. एक सहकारी अजून कुरकुरतो, पत्त्यापुढे दर वेळी दोन कळा जास्त दाबाव्या लागतात म्हणून. दाबाव्यात.