मातोश्रींचा जन्मदिवस

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतील कुटुंबांत अलीकडे मातोश्रींचा पंचाहत्तरावा किंवा ऐंशीवा जन्मदिवस समारंभाने करण्याची चाल पडली आहे. मुले, सुना, लेकी, जावई, नातवंडे एकत्र जमतात. औक्षण होते, पंगत उठते. ही चाल स्तुत्यच होय. जिने जन्मभर इतरांस ओवाळले, तिला एक दिवस पाटावर बसवून ओवाळावे, हे न्याय्य आहे. उपनिषदानेही वंदनीयांच्या क्रमात मातेस पित्याच्या व आचार्यांच्या आधी स्थान दिले आहे. परंतु पाटावर बसलेल्या त्या माउलीविषयी तिच्या लेकरांस माहिती कितीशी असते?

प्रथम जन्मदिवसच घ्या. त्या पिढीतील पुष्कळांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आढळते. जूनमध्ये शाळा सुरू होत. प्रवेशापुरते वय भरावे म्हणून गुरुजी ती तारीख लिहून मोकळे होत. खरी तिथी मातेच्या बोलण्यातच सापडते. समजा, एखादी म्हणाली, "गोदीत स्फोट झाला त्या वर्षीची मी, वटपौर्णिमेची." मुंबईच्या गोदीतील तो भयंकर स्फोट १४ एप्रिल १९४४ रोजी झाला आणि त्या वर्षीची वटपौर्णिमा ६ जूनला आली. झाला दिवस निश्चित!

येथून सहस्रचंद्रदर्शनाचाही हिशेब करता येतो. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक काळ जातो. अशा हजार पौर्णिमांस सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षे व १० महिने लागतात. जन्माची पौर्णिमा सोडून मोजल्यास या माउलीची हजारावी पौर्णिमा १२ एप्रिल २०२५ रोजी, हनुमान जयंतीस, पूर्ण झाली. कागदावरील तारखेत हे सुख नाही.

तथापि तिथी हा केवळ आरंभ झाला. हजार चंद्र पाहिलेल्या डोळ्यांनी आणखी काय काय पाहिले, हेही विचारले पाहिजे. या बाबतीत देवदत्त नारायण टिळक यांचे उदाहरण आम्हांस अनुकरणीय वाटते. त्यांचे वडील, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, १९१९ साली निवर्तले. वडिलांचे चरित्र सिद्ध व्हावे या हेतूने देवदत्तांनी मातोश्री लक्ष्मीबाईंस आठवणी लिहावयास सांगितले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. विवाह बालपणीच झालेला. शाळा ठाऊक नाही. अक्षरओळख झाली ती सासरी आल्यावर, पतीकडून. त्यांनी लिहावयास घेतले ते पतीविषयी. परंतु कागदावर उतरल्या त्या स्वतः लक्ष्मीबाई! माहेरचे कडक सोवळे, पतीचा लहरी व उदार स्वभाव, त्यांच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, पुढे पुन्हा थाटलेला संसार, हे सारे घरात बोलावे तशा भाषेत आले. 'स्मृतिचित्रे' हा तो ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या, तेव्हा राहिलेला भाग देवदत्तांनीच पुरा केला. धर्माने वेगळ्या झालेल्या या बाईंचे पुस्तक आमच्या घराघरांतून आवडीने वाचले गेले, यातच त्याची योग्यता दिसते.

देवदत्तांनी विचारले नसते, किंवा 'पुढे केव्हातरी विचारू' म्हटले असते, तर मराठी भाषा एका अमोल ग्रंथास मुकली असती. प्रत्येक माता ग्रंथकर्त्री होईल असे नाही. परंतु आपल्या घरापुरती चाळीस पाने प्रत्येकीपाशी असतात. माहेरचे अंगण कसे होते, शाळा कोणत्या इयत्तेत व का सुटली, नवी सून म्हणून उपनगरातील दोन खोल्यांत पाऊल टाकले तेव्हा मनात काय आले, असे प्रश्न शांतपणे विचारावे. तिला स्वतःला काय हवे होते आणि ते का राहून गेले, हेही विचारावयास कचरू नये. उत्तर ऐकताना कदाचित आपलीच मान खाली जाईल; तरी ऐकावे आणि तिच्याच शब्दांत उतरून ठेवावे. शुद्धलेखन सुधारता येईल, पण तिची बोली सुधारू नये.

वार्धक्यात नावे आधी विसरतात, मग वर्षे, मग माणसे. म्हणून येत्या जन्मदिवशी साडीचोळी अवश्य घ्यावी, आणि तिच्यासोबत एक कोरी वहीही आणावी. पंगत उठल्यावर तिच्याजवळ बसून पहिल्या पानावर तिचे माहेरचे नाव लिहावे. पुष्कळ घरांत नातवंडांस ते त्या दिवशी प्रथमच कळेल.