'अडगळ' : अर्थ आणि उपयोग

व्यवहारात ज्यांचा उपयोग उरलेला नाही अशा वस्तूंसाठी मराठीत निरुपयोगी, टाकाऊ, भंगार, रद्दी, अडगळ असे अनेक शब्द आहेत व ते एकमेकांचे पर्याय म्हणून सर्रास वापरले जातात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी 'अडगळ' या शब्दाचे वेगळेपण दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

भंगार आणि रद्दी यांना वजनावर का होईना, भाव असतो. 'टाकाऊ' या शब्दात टाकून देण्याची क्रिया गृहीतच आहे. अडगळ मात्र घरातच राहते. माळ्यावर, जिन्याखाली, फार तर अडगळीच्या खोलीत. ती वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

'निरुपयोगी' हे विशेषण वस्तूचा गुण सांगते. 'अडगळ' हे स्त्रीलिंगी, प्रायः एकवचनी नाम 'होणे', 'वाटणे' या क्रियापदांबरोबर आले की ती कोणाला होते हेही सांगावे लागते : 'सुनेला त्या पलंगाची अडगळ होते.' पलंग मजबूत असेल, झोपण्याजोगाही असेल. तक्रार त्याने व्यापलेल्या जागेविषयी आहे. 'अडणे', 'अडथळा' हे शब्द येथे कानाशी वाजतात (व्युत्पत्तीचा दावा यात नाही). म्हणूनच हा शब्द माणसालाही लागतो. 'म्हातारपणी मुलांना आपली अडगळ होऊ नये' या वाक्यात 'निरुपयोगी' घालून पाहावे; त्यातली बोच नाहीशी होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवीत. घरच्यांना ज्यांची अडगळ होती अशा कागदांतूनही 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'सारखे खंड उभे राहू शकतात. कागद तेच, पाहणारा बदलला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीच्या शीर्षकात 'समृद्ध' हे विशेषण शोभते ते याच लवचिकतेमुळे. 'समृद्ध भंगार' म्हटले तर ती केवळ थट्टा होईल.

हा भेद आपल्या कामकाजातही महत्त्वाचा आहे. ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांच्या निर्लेखनाचा विषय निघाला की तोंडी चर्चेत 'अडगळ' म्हटले जाते आणि प्रस्तावात 'निरुपयोगी' लिहिले जाते. पहिले विधान कपाटाविषयी आहे, दुसरे अंकांविषयी. जागा अपुरी असेल तर तसेच नोंदवावे. अंक निरुपयोगी ठरवायचे असतील तर संबंधित विषयाच्या प्राध्यापकांनी ते आधी चाळलेले असावेत.