सावली नेमकी कुठे पडते?

मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. तेव्हापासून शहर थांब्यावर उभे आहे. थांब्याला छप्पर आहे म्हणजे सावली आहे, असे आपण धरून चालतो. उन्हाचा हिशेब मात्र वेगळा आहे.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे मेच्या मध्याला सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सावली छपराखालीच पडते. पण त्याच दिवशी दुपारी पावणेचारच्या सुमारास तो पश्चिमेला ४५ अंशांवर उतरतो. मग उंची जेवढी, तेवढीच सावली पूर्वेला सरकते. छप्पर अडीच मीटर उंच आणि दीड मीटर रुंद धरू. बाकावर बसलेल्याचे डोके सव्वा मीटरवर. तिथे सावली सव्वा मीटर सरकलेली. उरली जेमतेम वीतभर.

आता उपनगरांतले रस्ते पाहा. अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे जुना घोडबंदर रोड, आणि घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, हे दोन्ही ढोबळमानाने दक्षिणोत्तर. वाहने डावीकडून चालतात, म्हणून उत्तरेकडच्या बसचा थांबा पश्चिम कडेला येतो. दुपारी त्याची पाठ उन्हाकडे. मागे फलक असला की उतारू वाचतो. दक्षिणेकडच्या बसचा थांबा मात्र पश्चिमेला सताड उघडा.

सकाळी दक्षिणेकडे जाणारा आणि संध्याकाळी परतणारा नोकरदार दोन्ही वेळा फलकाच्या आडोशाला असतो. चटका बसतो तो दुपारी उलट्या वेळेला निघणाऱ्यांना: दुसऱ्या पाळीचे कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, दवाखान्यात निघालेले म्हातारे. सावलीची खरी गरज यांनाच, कारण यांची बस चुकली तर रिक्षा परवडत नाही.

उपाय कोकणातल्या घरांच्या पडवीत आहे. तिथे छप्पर पुढे उतरते. थांब्याच्या छपराची पुढची कड अडीचऐवजी दोन मीटर दहा सेंटिमीटरवर आणली, तर त्याच वेळी वीतभर सावलीची पासष्ट सेंटिमीटर होते, आणि चढउतारालाही अडथळा येत नाही. अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यासारख्या पूर्व-पश्चिम रस्त्यावर पडदा समोर नव्हे, बाजूला हवा. शेजारी पसरट झाड असेल तर उत्तमच. पत्रा तापून खालच्या माणसावर उष्णता टाकतो, पान तसे तापत नाही.

एकच नमुना रस्त्याच्या दोन्ही कडांना बसवणे सोपे असते. पण ऊन दोन्हीकडे सारखे येत नाही. थांबा उभारण्याआधी होकायंत्र पाहावे, इतकेच माझे म्हणणे.