मोरपंखीची कुंडी आणि आषाढाचा पाऊस

कुंडीतली मोरपंखी मरते आषाढात, आणि आपल्याला ते कळते दिवाळीच्या सुमारास. या सूचिपर्णी झाडांचा स्वभावच तसा. मुळे कुजून गेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवागार दिसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकाएकी तपकिरी पडतो. मग घरातली माणसे म्हणतात, पाणी कमी पडले असेल, आणि आणखी एक तांब्या ओततात. दोष पाण्याचा नसतो, कुंडी भरताना घातलेल्या मातीचा असतो.

बेळगाव-निपाणी भागातल्या नर्सऱ्यांत अशी बुटकी सूचिपर्णी झाडे मोजकीच मिळतात: मोरपंखी, तिचा सोनेरी प्रकार, बुटका चिनी जुनिपर आणि जमिनीलगत पसरणारा जपानी जुनिपर. नाताळच्या तोंडावर ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून येतो तो अरौकारिया. तो नॉरफोक बेटावरचा. तिथे ५० मीटरच्याही वर जातो, त्याला बुटका म्हणणे धाडसाचे. परदेशी पुस्तकांतल्या फोटोत जो नेटका शंकू दिसतो, तो बहुधा अल्बर्टा स्प्रूस असतो. १९०४ साली कॅनडात गाडीची वाट पाहत थांबलेल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांना तो सापडला. थंडीतले झाड ते. आपल्याकडचा एप्रिल त्याला सोसणार नाही. त्याच्या नादी न लागलेले बरे.

आता माती. खानापूरकडून बेळगावात येताना जमीन तांबडी, जांभ्याची. इथला चिकणा अंश फारसा फुगत नाही, पण कुंडीत वरचेवर पाणी घातले की माती बसते आणि वाळली की वर कडक पापुद्रा धरते. हायवेने निपाणीकडे गेलात की काळी राने लागतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. रानात ती तंबाखूला आणि उसाला पोसते. कुंडीत मात्र भेग पडताना बारीक मुळे तोडते आणि पावसात चिखल होऊन त्यांची हवा कोंडते. जुनिपरसाठी नुसती तांबडी वाईट, नुसती काळी त्याहून वाईट.

बहुतेक जण इथे एक उपाय करतात, तो म्हणजे कुंडीच्या तळाला खडीचा थर. तो थर काही कामाचा नाही. कुंडीतले सगळे पाणी कधीच निथळत नसते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या तळाशी काही उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतात, आणि ती उंची कुंडीच्या आकारावर नाही, कणांच्या जाडीवर ठरते. खाली खडी घातली तर तोच ओला पट्टा वर सरकतो आणि मुळांना उरलेली कोरडी जागाही कमी होते. उथळ बोन्साय ट्रे खोल कुंडीपेक्षा जास्त ओला राहतो तो याचमुळे. तेव्हा जाड कण तळाला नकोत, सगळ्या मिश्रणात हवेत.

इंग्लंडात १९३०च्या दशकात जॉन इनेस संस्थेने कुंडीसाठी एक प्रमाण ठरवले: वाफवलेली पोयट्याची माती ७ भाग, पीट ३ आणि वाळू २. जगभर अजून तेच उगाळले जाते. पण लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही भुरभुर. बेळगावात त्याच्या दीडपटीहून जास्त पावसाळ्याच्या चार महिन्यांतच कोसळतो. ७ भाग माती आषाढात इथे चिखलच होणार.

जपानी बोन्सायवाले दाणेदार ‘अकादामा’ माती वापरतात. ती मागवण्याची गरज नाही. खानापूर हे कौलांचे आणि कुंभारकामाचे गाव. तिथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. जुने घर उतरवताना निघालेली फुटकी कौले किंवा चांगल्या भाजलेल्या विटा कुटा आणि चाळा. डाळीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा, पूड टाकून द्या. हे तुकडे आत थोडे पाणी धरतात आणि आजूबाजूला हवा खेळू देतात. पीटच्या जागी कोकोपीट घ्या, पण दोन-तीन पाण्यांत धुऊन. त्यात खारटपणा असतो.

या भागात फुकट मिळणाऱ्या वस्तूंचा मोह आवरावा लागतो. उसाचे ताजे चिपाड कुजताना मातीतला नत्र स्वतःच खाते आणि झाड पिवळे पडते. कारखान्याची मळी वर्षभर कुजलेली असेल तरच घ्या, तीही मूठभर. निपाणीत तंबाखूचा चुरा ढिगाने मिळतो. तो कच्चा कुंडीत नको, आणि त्याचा काढा करून फवारण्याचा घरगुती उद्योगही नको. निकोटीन विष आहे, हाताच्या कातडीतूनही अंगात जाते.

बेळगावासाठी माझे प्रमाण असे: कौलाचे तुकडे ४ भाग, कोकोपीट २, तांबडी माती २, जुने शेणखत किंवा गांडूळखत १. निपाणीला पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, म्हणून तुकडे ३ आणि कोकोपीट ३ करा, पण माती काळी नको; तांबडीच आणा. खत जास्त घालू नका. ही झाडे सावकाश वाढतात, आणि तेच तर आपल्याला हवे असते.

मिश्रण जमले का, हे घरी तपासता येते. १० लिटरची कुंडी भरा, भोके बंद करा, पाणी माथ्यापर्यंत येऊ द्या, मग भोके उघडून खाली बादलीत निथळू द्या. दीड ते दोन लिटर पाणी आले तर मुळांना हवा पुरेल. एका लिटरच्या आत आले तर तुकडे वाढवा.

कुंडी बदलायची ती संक्रांतीनंतर, ऊन तापायच्या आत. आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंडीखालची बशी काढून ठेवा. ती थेट दसऱ्यानंतर परत लावा.