नागाला नमस्कार, धामणीला काठी

ग्वाल्हेर हा मुलुखच नागांचा. डबऱ्याजवळचं पवाया म्हणजे जुनी पद्मावती, नागवंशी राजांची राजधानी. तिथे उत्खनन केलं ते मो. ब. गर्दे या मराठी पुराविदांनी. पुढे शिंदे आले, तर त्यांच्याही राजचिन्हात सूर्याच्या दोन बाजूंना दोन नाग. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांमध्ये श्रावणात नागपंचमीला पाटावर गंधाने नाग-नागीण काढायचे, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही. पुरणाचे दिंड उकडायचे. आणि त्याच आठवड्यात मोरीत एखादं लांबडं निघालं की वाड्यातले सगळे पुरुष काठ्या घेऊन गोळा व्हायचे.

सत्तरीच्या दशकातले ते पावसाळे आठवले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. नाग क्वचितच मारला जाई. एक तर तो दिसायचा कमी, आणि दिसलाच तर आजी हात जोडून ‘बाबा, जा आपल्या वाटेने’ म्हणायची. मार खायचे ते दुसरेच: धामण, दिवड, तस्कर आणि सगळ्यांत जास्त कवड्या. ज्याच्यात विष त्याला नमस्कार आणि ज्याच्यात नाही त्याला काठी, असा हा उलटा न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालला.

कवड्याचं दुर्दैव असं की तो मण्यारासारखा दिसतो. पाली खायला रात्री भिंतीवर चढतो, चौकटीच्या फटीत, बंद घड्याळामागे बसतो. दिव्याच्या उजेडात अंगावरचे पांढरे पट्टे चमकले की घरभर ओरडा. नीट पाहिलं तर कवड्याचा रंग तपकिरी, आणि पट्टे मानेपाशी ठसठशीत, शेपटीकडे विरत जाणारे. मण्यार काळाभोर, चकचकीत. त्याचे पट्टे मानेपाशी पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ. पण काठी उगारलेला माणूस पट्टे कुठून सुरू झाले ते बघत नाही.

भीती निराधार होती असं मात्र म्हणवत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघे यातले मुख्य. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावतो आणि पुष्कळदा दुखतही नाही. आमच्याकडच्या चारपाईने आणि मच्छरदाणीने किती जीव वाचवले असतील, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

१९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा आमच्या गल्लीत त्याचा पत्ताही नव्हता. नागपंचमीच्या आधी सपेरे यायचेच. टोपलीत दात काढलेला नाग, कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला. मग तो दुधाला तोंड लावी आणि बायका धन्य होत. साप दूध पचवू शकत नाही, हे तेव्हा सांगणाऱ्याला नास्तिक ठरवलं असतं. मुलांच्या डोक्यात बदल शिरला तो बराचसा पुण्याहून. तिथले सर्पमित्र नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते, ती बातमी नातेवाइकांच्या पत्रांतून आणि गप्पांतून इकडे पोचली. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. मग सुट्टीत पुण्याला गेलेली मुलं परत येऊन मोठ्यांना शिकवू लागली. रोम्युलस व्हिटेकर यांचं भारतीय सापांवरचं छोटं पुस्तकही काही घरांत आलं होतं. चित्रांवरून साप ओळखणं हा पावसाळ्यातला खेळच झाला.

माझी भीती धीट होण्याने गेली नाही, ती ओळख झाल्यावर गेली. तिघरा धरणाच्या काठावर दिवड प्रथम जवळून पाहिला. अंग उचलून, मान चपटी करून त्याने असा पवित्रा घेतला की कुणालाही नागच वाटावा. पण डोळ्याखालून आणि डोळ्यामागून गेलेल्या दोन तिरक्या काळ्या रेघा दिसल्या आणि छातीतली धडधड बसली. दिवड रागीट असतो, डिवचलं तर कडकडून चावतो, रक्त येतं, विष नाही. म्हणून त्याला हात लावायचं काही कारण नाही. सापांसोबत फोटो काढणाऱ्या हल्लीच्या हौशी वीरांबद्दल मला जरासुद्धा कौतुक नाही.

मांडुळाची कथा वेगळीच. त्याला दोमुँही म्हणून लोक कधीच फारसे घाबरले नाहीत. त्याच्या वाट्याला हाव आली. दोन तोंडांचा साप गुप्तधन दाखवतो या थापेवर त्याची चोरटी विक्री होते. दुसरं तोंड म्हणजे निव्वळ बोथट शेपूट, शत्रूला चकवायला.

आता आमच्या वसाहतीत साप निघाला की काठीआधी मोबाइल निघतो. सर्पमित्र किंवा वनखात्याचा माणूस येतो. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न नेता थेट जयारोग्य रुग्णालय गाठायचं, हे बहुतेकांना पटलंय. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये एक लांबलचक धामण राहते. उंदरांनी स्कूटरच्या वायरी कुरतडायला सुरुवात केल्यापासून चौकीदार तिची बाजू घेतो, कुणाला दगड मारू देत नाही. ती गाईचे पाय बांधून दूध पिते, हे मात्र तो अजून शपथेवर सांगतो.