शिशुनाळ शरीफ : ना वही, ना रेकॉर्ड, तरी गाणी टिकली कशी?

हुबळी-धारवाड : या भागात एकतारी आणि टाळ घेऊन भजनी मंडळी बसली, की शिशुनाळ शरीफ यांचं एखादं पद निघतंच. सीमेपलीकडे मराठी मुलखात मात्र हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. कोण होते शरीफ?

मास्तर ते पदकार

शरीफ यांचा जन्म १८१९ चा, शिग्गाव तालुक्यातल्या शिशुविनहाळ गावात. हे गाव आता हावेरी जिल्ह्यात मोडतं, पण १९९७ पर्यंत तो सगळा भाग धारवाड जिल्ह्यातच होता. घर मुस्लिम. काही काळ त्यांनी शाळेत मास्तरकी केली. पुढे कळस गावच्या गोविंद भट्टांना गुरू केलं. एका ब्राह्मणाने मुसलमान शिष्य घेतला म्हणून गावात बरीच बोलाबोली झाली, असं सांगतात. पण दोघांनी एकमेकांना सोडलं नाही.

गाणी कशावर?

शरीफ यांच्या पदांना कन्नडमध्ये ‘तत्त्वपद’ म्हणतात. विषय अगदी रोजचे. माळवद गळतंय, बाजार भरलाय, कापसाची गिरणी सुरू आहे. गिरणीला कन्नडमध्येही ‘गिरणी’च म्हणतात! ऐकताना वाटतं, घरादाराचंच गाणं आहे. पण गळकं घर म्हणजे आपलं मन आणि देह, हे हळूहळू उमगतं. नाथांची भारुडं ऐकलेल्या माणसाला ही रीत लगेच ओळखीची वाटेल.

सही कुणाची?

‘तुका म्हणे’ आलं की अभंग तुकोबांचा, हे आपल्याला कळतं. कन्नड वचनांत आणि पदांत मात्र शेवटी बहुधा कवीचं नाव नसतं, त्याच्या आराध्यदैवताचं असतं. बसवण्णांच्या वचनांत कूडलसंगमदेव येतो, तसा शरीफ यांच्या पदांत ‘शिशुनाळाधीश’, म्हणजे शिशुनाळचा धनी. कॉपीराइट नाही, मानधन नाही. सहीसुद्धा गावच्या देवाच्या नावाने. पण हीच मुद्रा पदाबरोबर गावोगाव फिरली आणि गाणं शरीफांचं आहे हे लोकांच्या ध्यानात राहिलं.

कॅसेटचा काळ

१८८९ मध्ये शरीफ गेले. पदं तोंडातोंडी चालत राहिली, पुढे लोकांकडून ऐकून ती पुस्तकांत उतरवली गेली. तोंडी परंपरा म्हटल्यावर पाठभेद आलेच. शंभर वर्षांनी गायक-संगीतकार सी. अश्वथ यांनी ही गाणी शहरांतल्या घराघरांत नेली. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांचा ‘संत शिशुनाळ शरीफ’ चित्रपट आला. त्याला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला.

शिशुनाळच्या समाधीवर आजही हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. अश्वथ यांची चाल मोबाइलवर सहज सापडते. पण जी पदं कॅसेटवर आली नाहीत, ती अजून भजनी मंडळींच्याच तोंडी आहेत. गाणारे कमी झाले, तर ती त्यांच्यासोबतच जातील.